सिड हॉजेट्सनं 'नीट' केलेली बंदूक

सिड हॉजेट्सला पोचा सहन होत नसे. मग तो पातेल्याला असो, टेबलाला असो, नाहीतर माणसाला. हे मी कौतुकानं सांगतेय असं समजू नका. ज्याच्या खोलीखाली बसून निम्मं आयुष्य काम केलं, ज्याचा भुसा वरून आपल्या चहात पडत राहिला, त्याचं कौतुक करायची हौस बाईमाणसाला फार दिवस टिकत नाही.

आमची इमारत बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांच्या गल्लीत. तळमजल्यावर मी, मेव्हिस टाँक्स. मी नळ्या रंगवते. रंगवते म्हणजे ब्रश आणि डबा नव्हे हो! नळीला मुद्दाम गंज आणायचा, मग ती उकळत्या पाण्यात बुडवायची, तारांच्या ब्रशनं खसाखसा घासायची, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असं करत करत जुन्या, पट्ट्या पिळून केलेल्या नळीतली नक्षी वर येते. गंज आणायच्या पाण्यात काय घालते ते मला माझ्या आईनं सांगितलं आणि मी कुणालाही सांगणार नाही, तेव्हा विचारू नका. वरच्या मजल्यावर सिड. तो दस्तेवाला. बंदुकीचे खांद्याला टेकणारे अक्रोडाचे दस्ते घडवणं आणि जुने दुरुस्त करणं हे त्याचं काम, त्याच्या बापाचंही तेच होतं. आणि जिन्याच्या वळणावर बर्नार्ड, लोखंडावर वेलबुट्टी कोरणारा. त्याला मत विचारावं लागत नसे, ते आपोआप यायचं.

दस्तेवाले आणि नळीवाले यांचं आमच्या धंद्यात कधी पटलेलं नाही. सिड म्हणायचा, "माणूस बंदूक गालाला लावतो ना मेव्हिस, तो गाल माझ्या लाकडावर टेकतो." मी म्हणायचे, "आणि छर्रे काय तुझ्या लाकडातून सुटतात?" मग तो नाक पुसायचा आणि नाक आणखी काळं व्हायचं. त्याचं असं आहे, की दस्त्यात लोखंड बसवताना आधी लोखंडावर दिव्याची काजळी धरतात. लाकडाला जिथं काळं लागेल तिथं किंचित खरवडायचं, पुन्हा बसवून बघायचं, पुन्हा खरवडायचं. त्यातली निम्मी काजळी सिडच्या नाकावर असायची. चर्चमध्येसुद्धा तो तसाच जायचा.

लाकडाचा पोचा काढायची रीत सोपी आहे. ओलं फडकं ठेवायचं, वर गरम इस्त्री टेकवायची, वाफेनं दबलेलं लाकूड फुगून वर येतं. ही काही जादू नाही, आमच्या गल्लीत शेंबडं पोरही करतं. पण सिडला थांबायचं कुठं ते कळत नसे. समोरच्या पबात मालक लेनच्या काउंटरचा एक कोपरा होता, तिथं कित्येक पिढ्यांनी ग्लास आपटले होते. एका दुपारी लेन तळघरात पिंप बदलायला गेला आणि वर येऊन बघतो तर काय, सिडनं त्याच्याच बायकोची इस्त्री मागून घेऊन कोपरा सपाट केलेला! वर जवसाचं तेल चोळून तळहातानं घासत बसला होता. तो कोपरा इतका गुळगुळीत झाला की ग्लास ठेवला की निघालाच फिरायला. दोनचार ग्लास फुटल्यावर लेननं त्याला त्या कोपऱ्यापासून लांब बसायची ताकीद दिली. "अरे, मी तर नीट करून दिलं," सिड म्हणाला. बिचाऱ्याला खरंच वाईट वाटलं होतं.

त्याचं लग्न का झालं नाही, तर तेही असंच. फ्रीडा नावाची बेकरीतली मुलगी होती, गोरीगोमटी, हसरी. तिच्या पुढच्या दाताचा इवलासा टवका उडालेला होता. साखरपुडा झाला, त्या संध्याकाळी पबात सिड तिच्या तोंडाकडे बघत राहिला, बघत राहिला. ती पोर लाजली, म्हणाली, "काय रे बघतोस एवढं?" आता काहीतरी गोड बोलेल म्हणून आम्ही शेजारच्या टेबलावर श्वास रोखून बसलेलो. सिड म्हणाला, "फ्रीडा, माझ्याकडे एक बारीक कानस आहे. दोन मिनिटांचं काम."

तिनं अंगठी काढून त्याच्या बिअरमध्ये टाकली आणि बस पकडून घरी गेली. पुढं तिनं त्याच बसच्या कंडक्टरशी लग्न केलं असं म्हणतात, पण ते बर्नार्ड म्हणतो. सिड मात्र बरीच वर्षं म्हणत राहिला, "अगं, मी मदतच करत होतो ना?" मी म्हटलं, "मेल्या, मदत कर पण तोंड बंद ठेवून कर!"

असा हा माणूस. आणि त्याच्याकडे नेस्टा प्रॉसर आली.

आली ती पोतं खांद्यावर टाकूनच. श्रॉपशरमधल्या डोंगराकडची शेतकरीण, बुटकी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, त्यांना शेण लागलेलं. माझ्या दारातून वर जाताना तिनं जिन्याच्या प्रत्येक पायरीवर आपली खूण ठेवली. मी झाडू घेऊन मागोमाग गेले, म्हणून मला सगळं पहिल्यापासून ठाऊक.

तिनं पोत्यातून बंदूक काढून सिडच्या बाकावर ठेवली. आमच्याच शहरात, माझी आजी मुलगी असताना बनलेली दुनळी. घोड्यांची. नव्या बंदुकांत घोडे आत लपवलेले असतात, जुन्यांत ते बाहेर, नळ्यांच्या मागं कान टवकारल्यासारखे उभे. चाप ओढला की काडतुसावर आपटतात. हिचा एक घोडा मोडला होता आणि त्या जागी कुणीतरी दाराच्या बिजागरीचा तुकडा ठोकून बसवला होता. नळ्यांना मातीचा आणि गंजाचा थर. नळ्या आणि मागचा भाग यांच्यात एवढी फट, की पलीकडची खिडकी दिसत होती. दस्ता तर खिळखिळा.

"नवऱ्याची आहे. आयव्हरची," ती म्हणाली. "नाताळाआधी गेला. छातीत भरलं."

"वाईट झालं," सिड म्हणाला.

"झालं खरं. तुम्ही ही नीट करून द्या. मला उडवायचीय. कावळे माझं बियाणं खातायत, आणि वर बसून मला हसतायत."

"अगदी नीट करून देतो, बाई."

झालं! इथंच घोटाळा झाला. आमच्या गल्लीत 'नीट' या शब्दाचा अर्थ कुणी कुणाला विचारत नाही. नीट म्हणजे कारखान्यातून पहिल्या दिवशी निघाली होती तशी. शेतावर नीट म्हणजे चालती. पण हे आम्हाला काय ठाऊक? आमच्यापैकी शेतावर कोण गेलं होतं?

आम्ही तिघांनी मिळून त्या बंदुकीवर जीव ओतला. खोटं का बोलू, मीही ओतला. नळ्यांमधले पोचे निघाले, आतून घासून झाल्या, मग माझ्याकडे आल्या. मी गंज चढवला, उकळल्या, घासल्या, पुन्हा चढवला, आणि एके सकाळी नक्षी वर आली. अहाहा! तपकिरी आणि रुपेरी, बारीक लाटा, एकीत एक गुंतलेल्या. त्या दिवशी मी लेनच्या बायकोलाही बोलावून दाखवलं. बर्नार्डनं जुनी पुसट वेलबुट्टी पुन्हा उठवली आणि मोडक्या घोड्याच्या जागी दुसऱ्याचा जुळा भाऊ शोभेल असा घोडा घडवून घेऊन त्यावर फुलं कोरली.

सिडनं मात्र कहर केला. दस्त्याच्या उजव्या अंगाला एक खोल पोचा होता. टोकाला कशानं तरी कुरतडल्यासारखी बारीक भोकं होती. गाल टेकतो तिथं पॉलिश उडून लाकूड पांढुरकं पडलं होतं, आणि मुठीच्या जागची चौकडीची नक्षी तर हातानं झिजून नदीतल्या गोट्यासारखी झाली होती. सिडनं एकेक काढलं. प्रत्येक पोचा निघाला की धावत खाली यायचा, "मेव्हिस, तो खोल होता ना, तो पण गेला गं!" मुलगा परीक्षेत पास झाल्यासारखा चेहरा. भोकं त्यानं त्याच लाकडाच्या भुशानं अशी भरली की भिंगानंही सापडू नयेत. चौकडी पुन्हा कोरली. मग तेल. रोज एक थेंब, तळहातावर घेऊन, चोळत चोळत, तोंडानं काहीतरी गुणगुणत. बायकोशी कुणी इतकं प्रेमानं वागत असेल तर मला दाखवा.

शेवटी बंदूक तपासणीला गेली. तिथं नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ती उडवतात. टिकली तर शिक्का, नाहीतर फाटलेल्या नळ्या घेऊन घरी या. तो दिवस सिडनं पबात काढला, बाळंतिणीच्या खोलीबाहेर नवरा बसतो तसा. तिकडे बंदुकीत दारू भरली जात होती आणि इकडे सिडमध्ये. बर्नार्ड शिक्के मारलेली बंदूक घेऊन दारात आला तेव्हा सिड उठला, रडला आणि खाली बसला. खुर्ची तिथं नव्हती.

नेस्टा यायची त्या दिवशी आम्ही सगळे वर जमलो. मी केस विंचरले होते. बर्नार्डनं चीज-कांद्याचे पाव आणले होते. सिडनं बंदूक हिरव्या कापडावर ठेवली होती आणि बाजूला हात मागं बांधून उभा होता, नाक धुतलेलं.

ती आली. बघत राहिली. बंदूक उचलून खांद्याला लावली, गाल टेकवला. गाल उचलला, पुन्हा टेकवला. मग तिचा अंगठा दस्त्यावरून फिरायला लागला, मागं, पुढं, पुन्हा मागं, अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसा.

"ही कुणाची?" तिनं विचारलं.

आम्ही हसलो. कौतुकच वाटलं आम्हाला ते! सिड तर कानापर्यंत लाल. "तुमचीच की, बाई."

"माझी नाही. आयव्हरची कुठाय?"

"हीच ती."

"छे."

सिडनं घाईघाईनं नळ्या काढून खालचा नंबर दाखवला. "हा बघा, तुम्ही आणली तेव्हाही हाच—"

"नंबर काय करायचाय मला? नंबराशी लग्न केलं होतं का मी?"

बर्नार्डचा पाव हातातच राहिला.

"इथं पोचा होता," नेस्टा म्हणाली, आणि त्या गुळगुळीत लाकडावर बोट आपटलं. "गेट उघडायचा त्याला कंटाळा. वरून चढून यायचा, आणि उतरताना बंदूक खांबाला लागायची. रोज. ठक्. तेवढं ऐकलं की मी त्याचं ताट वाढायला घ्यायचे. इथं आमच्या कुत्रीनं चावलं होतं, पिल्लू होती तेव्हा. तीही गेली. आणि इथं त्याचा गाल. रविवार सोडून दाढी केली तर शपथ! तो गेल्यापासून रोज संध्याकाळी मी इथं हात ठेवून बसत होते. तुम्ही पुसलात तो."

"पण बाई, तुम्ही म्हणालात नीट करा…"

"नीट करा म्हणाले! माझ्या नवऱ्याला धुऊन काढा म्हणाले का?"

आवाज चढला तिचा, पण डोळे कोरडे. मला वाटलं रडेल तर बरं. ती रडली नाही. "ठेवा तुमच्याकडेच," म्हणाली. "परक्याची बंदूक मी घरात घेत नाही." आणि खटाखट जिना उतरून गेली. यावेळी मी झाडू घेतला नाही.

"उत्तम काम केलं की हे असं होतं," बर्नार्ड म्हणाला.

"गप रे," मी म्हटलं, "नाहीतर तो पाव तुझ्या घशात कोंबीन."

त्यानंतर सिडचं काही खरं राहिलं नाही. बाकावर बसायचा, पण हात चालत नसे. एकदा माझ्यासमोर जिना उतरताना कठड्याला पडलेला नवा ओरखडा त्यानं बघितला आणि तसाच पुढं गेला. सिड हॉजेट्स ओरखडा बघून पुढं जातो म्हणजे माणूस आता अंथरूण धरणार. मी चहा घेऊन वर गेले. तो खिडकीशी बसला होता, म्हणाला, "मेव्हिस, मी आजवर किती जणांना असं पुसून टाकलं असेल गं?"

मी ओरडले, "चहा पी आधी!"

चहा पिऊन झाल्यावर त्यानं जाहीर केलं, की जे काढलं ते तो परत घालणार. पोचा, दात, गाल, सगळं. कुठं काय होतं ते त्याच्या बोटांना पाठ होतं. म्हटलं, वा, सोपं आहे. काढणं अवघड, पाडायला काय अक्कल लागते? हे माझं बोलणं माझ्याच अंगाशी आलं.

पहिल्यांदा दात. लेनचा कुत्रा ड्यूक, ज्यानं आजवर पबातली प्रत्येक खुर्ची खाल्ली, त्याला वर आणला. दस्त्याचं टोक त्याच्यासमोर धरलं. ड्यूकनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. बर्नार्ड म्हणाला, "डुकराची चरबी लावा." लावली. ड्यूकनं चरबी चाटली, मग तेल चाटलं, मग इतक्या प्रेमानं सगळा दस्ता चाटून काढला की तो आणखीच चकाकायला लागला. चावायचं नाव नाही. "याला कलेची कदर आहे," बर्नार्ड म्हणाला, आणि मी त्याला खाली हाकलला. बर्नार्डला. कुत्रा राहिला.

मग पोचा. सिडनं हातोडी घेतली, वर उचलली आणि तिथंच थांबली. पुन्हा उचलली, पुन्हा थांबली. घामाघूम झाला. "डोळे मिट आणि मार!" मी म्हटलं. त्यानं डोळे मिटले आणि मारली ती बाकावर. बाकाला पोचा पडला. डोळे उघडून बघतो आणि लगेच फडकं शोधायला लागला!

"दे इकडे!" माझं डोकंच फिरलं. "मी मारते!"

त्यानं बंदूक दोन्ही हातांनी छातीशी कवटाळली. "नको गं मेव्हिस, नको, लागेल तिला!"

मी कपाळावर हात मारला. साठीला आलेला माणूस, आणि एका लाकडाला हातोडी मारवत नाही. खाली जिन्यावरून बर्नार्डचा आवाज आला, "अरे, हातोडीनं कसा होईल आयव्हरचा पोचा? तो गेटचा आहे! गेटवर जा!" आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या मतात काहीतरी होतं, आणि ते मला मान्य करावं लागलं याचा मला अजून राग आहे.

आम्ही गेलो. सिड एकटा जाणार होता, पण हा माणूस आगगाडीत बाकांचे पोचे बघत बसला तर उतरायचं विसरेल म्हणून मी बरोबर गेले. आणि नळ्या माझ्या होत्या. आगगाडी, मग बस, मग चिखल. असला चिखल मी जन्मात पाहिला नव्हता. सिड आपल्या चर्चच्या बुटांत, छातीशी बंदुकीची पेटी, एकेक पाय उपसत चाललेला. शेवटी ते गेट आलं. लाकडी खांब, लोखंडी कडी, पलीकडे नांगरलेलं शेत आणि त्यात कावळ्यांची पंगत बसलेली.

सिडनं पेटी उघडून बंदूक जोडली. रिकामी होती, हं! खांबासमोर उभा राहिला. नेम धरला, दस्ता मागं नेला, आणि थांबवला. मागं नेला, थांबवला. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, हा म्हातारा खांबासमोर काठी जोजवतोय.

"काय चाललंय?" नेस्टा घरातून येऊन कधी उभी राहिली आम्हाला कळलंही नाही.

सिड दचकला. "आयव्हरसाहेबांचा पोचा… परत घालतोय, बाई."

तिनं त्याच्याकडे बघितलं, बंदुकीकडे बघितलं, त्याच्या बुटांकडे बघितलं. "असा? असा कुठं पडायचा तो? तो काय खांबाला मारायला यायचा होय? चढायचा! असं उभं राहून जन्मभर पडणार नाही तुमचा पोचा. चढा."

"मी?"

"मग काय आयव्हर चढणार आहे? उजवा पाय वर. बंदूक डाव्या हातात. तो तर भरलेली घेऊन चढायचा गाढव, अंथरुणात मेला हाच चमत्कार. हं, आता दुसरा पाय!"

सिड चढला. चढला म्हणजे एक पाय अलीकडे, एक पाय पलीकडे, आणि चर्चचे बूट चिखलानं भरलेले. पुढं सरकेना, मागं येईना. गेट कुरकुरायला लागलं. "मेव्हिस," तो वरून बारीक आवाजात म्हणाला, "मला वाटतं मी अडकलोय." मी त्याची पँट धरून ढकलायला गेले, तो दचकून दोन्ही हातांनी गेटला बिलगला, आणि बंदूक सुटली.

ठक्.

दस्ता लोखंडी कडीवर आपटून गवतात पडला. सिडचा चेहरा असा झाला की मला वाटलं याला आता वरूनच उतरवून घ्यावं लागणार. नेस्टानं बंदूक उचलली. झग्याच्या टोकानं चिखल पुसला आणि दस्ता उजेडाकडे धरला. पोचा पडला होता, चांगला खोल. पण डाव्या अंगाला.

"आयव्हरचा इथं नव्हता," ती म्हणाली.

"ठाऊक आहे," सिड वरून म्हणाला. "त्याचा होता तो गेला. मी काहीही केलं तरी तो आता परत येणार नाही, बाई."

तो दस्त्याबद्दलच बोलत होता. पण बोलल्यावर त्यालाही ते ऐकू आलं, मलाही आलं, आणि त्यानं गेटवर बसल्या बसल्या जीभ चावली. मी मनात म्हटलं, फ्रीडाच्या दातानंतर हे दुसरं. आता ही बाई याला गेटसकट उपटून फेकणार.

नेस्टा गेटवर डोकं टेकवून रडायला लागली. चांगली मोठ्यानं, नाकातोंडातून, खांदे हलवत. कावळेसुद्धा जरा लांब सरकले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला, मग मी पुन्हा ठेवला आणि यावेळी राहू दिला. सिड हलू शकत नव्हता, त्यामुळे त्याला तिथंच, तिच्या डोक्यावर, टोपी काढून बसून राहावं लागलं.

बऱ्याच वेळानं तिनं बाहीनं नाक पुसलं. "दफनाच्या वेळीसुद्धा रडले नव्हते मी," ती म्हणाली. "जो येतो तो सांगतो, आयव्हर कुठं गेलाय, इथंच तर आहे! पाद्री म्हणतो शेतात आहे, शेजारीण म्हणते वाऱ्यात आहे. मी रोज दार उघडून बघते. नसतो. आणि हे कुणाला सांगायची सोय नाही. तुम्ही पहिले, जे सरळ बोललात." मग तिनं वर बघितलं. "आता उतरा, माझं गेट मोडाल."

"अडकलोय," सिड म्हणाला.

आम्ही दोघींनी मिळून त्याला उतरवला. पँट मात्र अर्धी वरच राहिली. नेस्टानं सिडच्या त्या गेटच्या शेवाळानं हिरवटलेल्या, चिखलानं माखलेल्या अवताराकडे पाहिलं आणि तोंडावर हात धरला, पण हसू काही हातात मावेना. सिडही हसला. तो हसला की कसा दिसतो ते मी विसरूनच गेले होते.

मग तिनं खिशातून दोन काडतुसं काढली, बंदूक सांध्यात वाकवून ती नळ्यांत घातली. माझी नक्षी उन्हात अशी काही उठून दिसली, सांगायची सोय नाही, पण त्या वेळी कोण बघतंय तिकडे! तिनं दोन्ही घोडे मागं ओढले, बंदूक खांद्याला लावली आणि त्या गुळगुळीत, कोऱ्या लाकडावर स्वतःचा गाल दाबून टेकवला. ओला होता अजून. सिडनं बघितलं, की आपल्या तेलावर पाण्याचा डाग पडतोय. मीही बघितलं. त्यानं फडकं शोधलं नाही.

दोन्ही नळ्या एकदम सुटल्या. डोंगरावरून आवाज परत आला. कावळे उडाले, एक गिरकी घेतली आणि सगळेच्या सगळे परत येऊन बियाणं वेचायला बसले.

"एकसुद्धा छर्रा नाही लागला," सिड हळूच म्हणाला.

"आयव्हरचाही कधी लागला नाही," नेस्टा म्हणाली, आणि बंदूक बगलेत मारून घराकडे चालायला लागली.